कासवांच्या गावात, शराटींच्या खाडीत

कॅरिबियन बेटांवर प्राण्यांची भेट विकत मिळते. बहामाजमधल्या एक्झुमा बेटांवर पोहणाऱ्या डुकरांना खाऊ घालत फोटो काढता येतो. ग्रँड केमनच्या उथळ पाण्यात स्टिंगरे, म्हणजे आपल्या कोकणातल्या कोळ्यांची पाकटं, माणसांच्या अंगाला घासून जातात, कारण बोटीवरच्या माणसांच्या हातात मासळीचे तुकडे असतात हे त्यांना ठाऊक झालेलं आहे. क्रूझ जहाजं लागतात त्या कित्येक बंदरांवर माकड नाहीतर इग्वाना खांद्यावर ठेवून मिळतो. पर्यटक खूश, मालक खूश. प्राण्याचं काय होतं ते मात्र हळूहळू बाहेर येतं. 2017च्या फेब्रुवारीत एक्झुमातली काही डुकरं मेली, तेव्हा त्यांच्या पोटात वाळू सापडली. खाणं वाळूवर फेकलं जायचं आणि ती वाळूसकट गिळायची. केमनमधली पाकटं मुळात रात्री हिंडणारी. पर्यटकांच्या वेळा पाळता पाळता ती दिवसा जागू लागली, असं संशोधकांनी नोंदवलं आहे.

म्हणून सुट्टीसाठी बेट निवडताना मी त्रिनिदाद निवडलं. किनाऱ्यांच्या सौंदर्यात हे बेट शेजाऱ्यांपुढे मागे पडेल. तेल आणि नैसर्गिक वायूवर चालणारा हा देश, त्यामुळे पर्यटकांच्या मागे तो फारसा धावत नाही. पण प्राण्यांच्या बाबतीत त्याची श्रीमंती वेगळी आहे. व्हेनेझुएलाचा किनारा इथून जेमतेम अकरा किलोमीटरवर. हिमयुगात समुद्र खाली होता तेव्हा हे बेट दक्षिण अमेरिकेला जोडलेलंच होतं. म्हणून इथल्या रानात हाउलर माकडं आहेत, ऑसेलॉट नावाचं ठिपक्यांचं रानमांजर आहे, अगूती नावाचा कुरतडणारा प्राणी आहे, मुंगीखाऊ आहे. सगळा खंडावरचा गोतावळा एका छोट्या बेटावर मुक्कामाला आलेला. आणि यांतला एकही प्राणी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, तिकिटावर भेटत नाही.

पोर्ट ऑफ स्पेनहून पूर्वेला निघालं की अरिमा, मग वॅलेन्सिया आणि तिथून रस्ता मातुराकडे वळतो. सकाळी रस्त्याकडेच्या गाडीवर डबल्स खाऊन निघावं. बारा म्हणतात त्या मऊ तळलेल्या रोट्यांमध्ये चण्याची भाजी, वर चिंचेची आंबटगोड चटणी आणि झणझणीत मिरची. भोजपुरी मुलखातून गेलेल्या लोकांनी या बेटाला दिलेला हा नाश्ता आज तिथे सगळ्या वंशांचे लोक खातात.

मातुरा हे अटलांटिकच्या तोंडावरचं गाव. समुद्र खवळलेला, पोहायला धोक्याचा. या किनाऱ्यावर मार्च ते ऑगस्टमध्ये लेदरबॅक कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात. जगातल्या कासवांमध्ये ही जात सगळ्यांत मोठी. मादीचं वजन तीनशे-चारशे किलो सहज भरतं, पाचशेपर्यंतही जातं. इतर समुद्री कासवांसारखं टणक कवच हिला नाही. पाठीवर काळसर, चामड्यासारखी कातडी आणि तिच्यावर डोक्याकडून शेपटीकडे गेलेले सात कंगोरे. खाणं मुख्यतः जेलीफिश. त्रिनिदादच्या वाळूत अंडी घातलेल्या माद्यांवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली, तेव्हा त्यांतल्या काही थेट कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळच्या थंडगार पाण्यात पोचल्याचं दिसलं. हजार मीटरहून खोल बुडी मारणारा हा जीव आहे, आणि आयुष्यात फक्त अंड्यांसाठी तो जमिनीवर येतो.

मोसमात परवान्याशिवाय या वाळूवर पाऊल ठेवता येत नाही, आणि बरोबर गावातला गाइड लागतो. आमची गाइड चाळिशीतली, आवाजात जरब असलेली बाई होती. गावाच्या टोकाला तिने आम्हाला उभं केलं आणि मोबाइल खिशात टाकायला लावले. पांढरा उजेड चालणार नाही. मोठ्याने बोलायचं नाही. ती पुढे जाऊन बघेल, ती बोलावेल तेव्हाच यायचं. "आंटी, तुम्ही लांबून आलात हे मला कळतं," ती मला म्हणाली, "पण ती तुमच्याहून लांबून आलीये."

मग वाट बघणं. डोळे अंधाराला सरावले की वाळू, फेस आणि आभाळ वेगवेगळं दिसू लागतं. किनाऱ्यावर काळे ओंडके पडलेले असतात. त्यांतला एक हलला, की तो ओंडका नव्हे. पुढच्या वल्ह्यांवर जोर देऊन मादी शरीर पुढे ढकलते, थांबते, मोठ्याने श्वास सोडते, पुन्हा ढकलते. पाण्यात तिला वजन नसतं, इथे सगळा भार छातीवर येतो. जागा पसंत पडली की पुढच्या वल्ह्यांनी वाळू उडवून ती अंगापुरता खळगा करते. मग मागच्या वल्ह्यांचं काम सुरू होतं, आणि ते बघण्यासारखं असतं. एक वल्हं ओंजळीसारखं वळवून ती खाली घालते, वाळू अलगद वर आणते, बाजूला टाकते. मग दुसरं वल्हं. पुन्हा पहिलं. मागे काय चाललंय ते तिला दिसत नाही, तरी हातभर खोल, खाली रुंद होत गेलेला खड्डा नेमका तयार होतो. एका मादीचं एक मागचं वल्हं अर्धं तुटलेलं होतं, बहुधा शार्कने तोडलेलं. तीही आपली पाळी आली की तो तुटका भाग खाली घालत होती आणि वाळू काही वर येत नव्हती. गाइड पोटावर आडवी झाली आणि प्रत्येक वेळी त्या बाजूची वाळू हाताने काढत राहिली. असं ती बरेचदा करते, म्हणाली.

अंडी पडायला लागली की मादी जणू समाधीत जाते, आणि तेव्हाच जवळ जायची परवानगी मिळते, तीही मागच्या बाजूने, लाल दिव्याच्या उजेडात. बिलियर्डच्या चेंडूएवढी ओलसर पांढरी अंडी, सत्तर-ऐंशी, कधी जास्त. शेवटी शेवटी काही लहान, बलक नसलेली. याच वेळात स्वयंसेवक वल्ह्यावरचा बिल्ला तपासतात, नसेल तर लावतात, पाठीची लांबी-रुंदी मोजतात. मादीच्या टाळूवर गुलाबी डाग असतो आणि तो प्रत्येकीचा वेगळा. तिच्या डोळ्यांतून घट्ट पाण्याची धार लागलेली असते. शरीरातलं जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचं ते काम, पण ते माहीत असूनही बघणाऱ्याला गलबलून येतं. मला आलं.

अंडी घालून झाली की ती खड्डा बुजवते, वाळू दाबते, आणि मग बराच वेळ इकडेतिकडे वाळू उडवत राहते, घरटं नेमकं कुठे आहे ते कुणाला कळू नये म्हणून. मग समुद्र. साधारण नऊ-दहा दिवसांनी ती परत येईल, एका मोसमात अशी अनेकदा, आणि मग दोन-तीन वर्षं येणार नाही.

आज बिल्ले लावणाऱ्या याच गावात पूर्वी कासवं कोयत्याने तोडली जात. मांस थोडं नेलं जाई, अंडी काढली जात, बाकीचा देह तिथेच सडत पडे. समुद्रावरून येणारा वाराही नकोसा व्हावा अशी दुर्गंधी असे, असं त्या काळातली माणसं सांगतात. 1990 साली सरकारने मोसमात या किनाऱ्यावर जायला बंदी घातली आणि त्याच वर्षी गावातल्या काही जणांनी 'नेचर सीकर्स' ही संस्था उभी केली. बंदी कागदावर राहिली असती. रात्री किनाऱ्यावर चालत राहिले ते गावातलेच लोक. सुझन लखन बाप्टिस्ट हे त्यांतलं सगळ्यांत ठळक नाव. कोयतेवाल्यांसमोर उभी राहायची म्हणून गाव तिला कासववेडी म्हणायचं. 2009 साली सीएनएनने तिला आपल्या 'हीरोज'मध्ये घेतलं. बाहेरचा अधिकारी अडवतो तेव्हा लपून शिकार करता येते, शेजारीण अडवते तेव्हा दुसऱ्या दिवशी दुकानात तिच्यासमोर उभं राहावं लागतं. मला वाटतं, मातुरा याच जोरावर वाचलं. कायदा मागून आला. संपूर्ण देशात कासवांच्या शिकारीवर बारमाही बंदी यायला 2011 साल उजाडलं. तोवर ऑक्टोबर ते फेब्रुवारी शिकार चक्क कायदेशीर होती.

आमच्या गाइडचे वडीलही कासवं मारणारे. त्यांच्याबद्दल बोलताना तिने आवाज खाली घेतला नाही. "तेव्हा ते मांस होतं," ती म्हणाली, "आता ती आमची पाहुणी आहे. मध्ये कुणीतरी आम्हाला मोजायला शिकवलं. मोजायला लागलं की मारता येत नाही."

हे ऐकताना मला रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास आठवणं अपरिहार्य होतं. तिथली ऑलिव्ह रिडले लहानखुरी, पन्नास किलोच्या आतली, पण गोष्ट तीच. अंडी काढून विकली जात होती. 2002च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने काम सुरू केलं, गावकरीच घरट्यांचे राखणदार झाले, आणि 2006पासून कासव महोत्सव भरू लागला. वेळासला अंडी कुंपणाच्या आत हलवतात आणि आपण बघतो ती पिल्लं. मातुरात घरटी शक्यतो जागीच ठेवतात आणि बघायची ती आई. घरगुती जेवण आणि मुक्काम यांवर वेळासच्या घरांत जसे चार पैसे येतात, तसेच मातुरात गाइडच्या कामावर. गावाला पैसा मिळाला पाहिजे याबद्दल संकोच वाटायचं काही कारण नाही. तो मिळाला म्हणूनच कासव उरलं.

मातुराहून पुढे टोको आणि साँ सूसीवरून, डोंगर आणि समुद्राच्या मधल्या वळणावळणाच्या रस्त्याने ग्रँद रिव्हिएरला गेलो. हा किनारा एक किलोमीटरसुद्धा नाही, पण भर मोसमात एका रात्री शेकडो लेदरबॅक इथे चढतात. जागा इतकी अपुरी, की आज आलेली मादी कालच्या मादीची अंडी उकरून काढते. पहाटे काळी गिधाडं आणि गावातली कुत्री त्या अंड्यांवर तुटून पडतात. उशिरा वर आलेली पिल्लं गावकरी बादल्यांत सावलीला ठेवतात आणि संध्याकाळी पाण्याकडे सोडतात. 2012 साली नदीने प्रवाह बदलून किनारा खायला सुरुवात केली, तेव्हा ती वळवायला बुलडोझर आणले गेले आणि त्याखाली हजारो अंडी आणि पिल्लं चिरडली गेली. नदी वळवणं कदाचित गरजेचं असेल. पण कुठली वाळू उकरायची हे गावातल्या पोरांना विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

त्याच गावाच्या वरच्या रानात पहाटे पावी दिसला. पावी म्हणजे त्रिनिदादचा पायपिंग गुआन. टर्कीच्या घडणीचा, काळा, पंखांवर पांढरं, गळ्याखाली निळी लोळी. जगात फक्त या बेटावर आहे, आणि फार थोडा उरला आहे. शिकाऱ्यांनी खाऊन संपवत आणला. जायफळाच्या झाडावर तो शांतपणे बसला होता, पळण्याची घाई नाही. हीच त्याची अडचण.

आता कारोनीची खाडी. राजधानीपासून जवळ, पश्चिम किनाऱ्याला पसरलेलं तिवरांचं जंगल, 2005पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठी वाढलेल्या माणसाला इथला चिखलाचा वास परका वाटत नाही. उतरत्या दुपारी सपाट बुडाच्या होड्या निघतात. मुळांवर खेकडे चढत असतात, फांदीवर बोआ जातीचा साप वेटोळं करून झोपलेला असतो, आणि नीट बघणाऱ्या नावाड्याला मुठीएवढा रेशमी मुंगीखाऊ दिसतो. मला तो दाखवूनही बराच वेळ दिसला नाही. वाळक्या फुलांचा तुरा वाटत होता.

होडी एका मोकळ्या पाण्याच्या कडेला बांधून इंजिन बंद करतात. समोर, बऱ्याच अंतरावर, तिवरांचं एक बेट. सूर्य कलला की तिकडे एक लाल ठिपका येतो. मग पाच-सहा. मग थव्यामागून थवे. लाल शराटी, त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. आपल्या उजनीवर आणि जायकवाडीवर चिखलात चोच खुपसत फिरणाऱ्या काळ्या-पांढऱ्या शराटीचाच हा भाऊबंद, तीच वाकडी चोच, तीच मान ताणून उडण्याची ढब. पण रंग असा, की पहिल्या थव्याला होडीतलं कुणीही बोललं नाही. हा रंग खाण्यातून येतो. चिखलातल्या खेकड्या-कोळंब्यांमधली कॅरोटिनॉइड्स पिसांत उतरतात, म्हणून पिल्लं मळकट करडी असतात आणि वर्षं जातील तशी लाल होतात. खाडी मेली तर पक्षी उरला तरी त्याचा रंग उरणार नाही.

या खाडीच्या रक्षणात नानन घराण्याचा मोठा वाटा आहे. सायमन औदित नानन यांनी इथे लोकांना होडीतून पक्षी दाखवायला सुरुवात केली आणि अभयारण्यासाठी सरकारदरबारी आग्रह धरला. त्यांचे चिरंजीव विन्स्टन नानन हे बेटावरचे नामांकित पक्षिनिरीक्षक झाले. उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेल्या भारतीयांचे हे वंशज. 1845च्या 30 मे रोजी 'फतेल रझाक' जहाजातून पहिली तुकडी उतरली, आणि 1917पर्यंत साधारण एक लाख त्रेचाळीस हजार माणसं आली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातली, कलकत्त्याच्या बंदरातून, काही मद्रासहून.

शराटी मारणं गुन्हा होताच, तरी रात्री बंदुका वाजत राहिल्या. हे मांस चोरून रस्सा करून खाणारे लोक आहेत, आणि ते कुणी उपाशी नव्हेत. खाणं ही त्यांच्यासाठी मिरवण्याची गोष्ट आहे. 2018 साली या पक्ष्याला विशेष संरक्षण देऊन एक लाख त्रिनिदादी डॉलर दंड आणि दोन वर्षं तुरुंगवासाची तरतूद झाली. आमचा नावाडी म्हणाला, "माझी आजी सांगायची, पूर्वी आकाश लाल व्हायचं. मी म्हणायचो, म्हाताऱ्यांना सगळं पूर्वीचंच मोठं दिसतं. मग मी स्वतः मोजायला लागलो." दोन वेगळ्या किनाऱ्यांवरची दोन माणसं, एकमेकांना न ओळखणारी, आणि दोघांच्या तोंडी मोजण्याचीच भाषा.

खाडीतून परतताना जुन्या उसाच्या मळ्यांमधून रस्ता जातो. सरकारी साखर कंपनी 2003 साली बंद झाली, शेतं रान झाली. संध्याकाळी एक मुंगूस रस्ता ओलांडून गेलं, आणि हा प्राणी आपल्याच मातीतला. एकोणिसाव्या शतकात मळेवाल्यांना उंदरांनी हैराण केलं होतं. 1872 साली जमैकातल्या एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसं आणवली, आणि तिथून ती बेटाबेटावर पोचली. त्रिनिदादमध्येही त्याच काळात ती आली. उंदीर रात्रीचे, मुंगूस दिवसाचं. सुरुवातीला उंदीर घटले, पण मग मुंगसांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, साप आणि कासवांची अंडी यांच्याकडे मोर्चा वळवला. कित्येक बेटांवरच्या स्थानिक जाती त्यामुळे संपत आल्या. आपल्या बांधावर ज्याला बघणं शुभ मानतात, त्याला इथे शाप म्हणतात. दोष त्याचा नाही. त्याला बोटीत घालणाऱ्यांनी उंदीर कधी जागा असतो एवढंही बघितलं नव्हतं.

म्हशींची गोष्ट याहून बरी. मळ्यांवर गाड्या ओढणाऱ्या बैलांना क्षयाने ग्रासलं, म्हणून भारतातून मुऱ्हा, सुरती, जाफराबादी अशा जातींच्या म्हशी-रेडे आणले गेले. पशुवैद्य स्टीव्ह बेनेट यांनी पुढे त्यांतून निवड करत मांसासाठी तांबूस झाकेची जात तयार केली. तिचं नाव बफेलिप्सो, बफेलो आणि कॅलिप्सो मिळून. आज ती लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांत चरते आहे.

उत्तरेच्या डोंगररांगेत अरिमाच्या खोऱ्यात आसा राइट निसर्ग केंद्र आहे, 1967 साली जुन्या कॉफी-कोकोच्या मळ्यात सुरू झालेलं. व्हरांड्यात बसलं की हमिंगबर्ड अगदी हाताच्या अंतरावर येतात. पण माझं मन तिथल्या घळीतल्या गुहेत अडकलं. तिथे ऑइलबर्ड राहतात. रात्री उडून फळं खाणारा जगातला हा एकमेव पक्षी. गुहेच्या अंधारात तो वटवाघळासारखा आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो, आणि त्याचे ते टकटक आवाज माणसालाही ऐकू येतात. पिल्लं तेलकट फळांवर इतकी फुगतात, की आईबापांपेक्षा जड होतात. पूर्वी ती पकडून चरबी वितळवून दिव्याला तेल करत. आता गुहेत मोजक्याच लोकांना, ठरावीक दिवशी, थोडा वेळ सोडतात. आम्ही पाण्यात उभे होतो. गाइडने दिवा क्षणभर लावून बंद केला. कपारीत तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांचे मोठे पक्षी, आणि डोळ्यांची तांबडी चमक. पुढे फक्त किंचाळ्या. कुणी आणखी एकदा दिवा लाव म्हणालं, तर ती सरळ नाही म्हणाली.

हा नकार मला सगळीकडे भेटला. मातुराच्या वाळूवर, कारोनीत थव्यापासून लांब बांधलेल्या होडीत, या गुहेत. आपण पैसे देऊन आलो आहोत तरी आणखी जवळ जाता येणार नाही, असं स्वच्छ सांगणारी माणसं. या बेटावरचे प्राणी टिकले ते त्यांच्या या सांगण्यामुळे.

पण जिथे नाही म्हणणारं कुणी नसतं, अशी एक जागा उरतेच. ग्रँद रिव्हिएर आणि मातुराच्या समोरचा समुद्र. मार्च ते ऑगस्टमध्येच तिथे काराइत आणि किंगफिश या मासळीसाठी रात्री लांबच लांब जाळी सोडली जातात, आणि किनाऱ्याकडे येणाऱ्या माद्या त्यांत गुरफटून गुदमरतात. 2000 साली एका वर्षात अशा अडकलेल्या लेदरबॅकची संख्या तीन हजारांहून अधिक असावी, असा अंदाज निघाला होता. वायव्य अटलांटिकमधली लेदरबॅक 2019पासून संकटग्रस्त मानली जातात.

टोकोच्या धक्क्यावर एका कोळ्याशी बोलले. त्याला कासवाचा राग नव्हता. जिवंत सापडलं तर सोडवायला जाळं कापावं लागतं, म्हणाला, आणि जाळं म्हणजे त्याची कित्येक आठवड्यांची कमाई. कमी उंचीची जाळी लावली तर कासवं कमी अडकतात, जाळ्याऐवजी गळ ओढत मासेमारी केली तर आणखी कमी, हे त्याच पाण्यात करून पाहिलेलं आहे. "मला माहितीये," तो म्हणाला. "नवं जाळं कोण देणार? इंधन कोण देणार? वाळूवर कासव बघायला येणारे पैसे देतात, ते वाळूवरच राहतात."

त्याचं म्हणणं मला पटलं. आमच्या परवान्याच्या पैशांतला काही हिस्सा त्याच्या जाळ्याला जायला हवा, आणि ते जमवून आणायला बुलडोझर लागत नाही. परतताना मातुरात थांबून मी गाइडला हे सांगितलं. तिने मान हलवली. हा वाद ते दर मोसमाला घालतात, म्हणाली, आणि मोजणीची वही काढून कालच्या रात्रीचे आकडे भरायला बसली.